रोकडेदादांची करंगळी

रोकडेदादांच्या उजव्या हाताच्या करंगळीला नख नव्हतं. नखाच्या जागी नुसतं गुळगुळीत, चपटं मांस होतं आणि ते कायम काळपट असायचं, बंदुकीच्या तेलानं. जेवायच्या आधी साबण लावून खसाखसा हात धुतले तरी तो काळेपणा जायचा नाही. डबा खायला बसले की बाकीची चार बोटं भाकरी मोडायची आणि करंगळी तेवढी वर, लांब उभी. ठाण्यात नवा आलेला शिपाई हमखास कुजबुजायचा, हवालदार मोठे नखरेल दिसतात. आम्ही म्हणायचो, थांब, तुला कळेल लवकरच.

नव्वदच्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी वायरलेसवर होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं शाळेत जातात, उगाच कुणाला त्रास नको. दादा तिथे हवालदार होते, आणि हत्यारांची खोली त्यांच्या ताब्यात होती. गाव त्यांचं पलीकडच्या आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर. घरात धाकट्या भावाची शेती, वस्तीवरच्या विहाराच्या बांधकामात यांचा पुढाकार. बोलणं आमच्याकडच्या सगळ्यांसारखं रांगडं, पण आवाज कधी चढायचा नाही. चढायचा तो रायफलीवरून.

माझी खोली आणि हत्यारांची खोली यांच्यामध्ये नुसत्या फळ्यांची भिंत होती. सकाळी मी पुण्याला सगळं ठीक असल्याचं कळवायला बसलो की पलीकडून खट् असा आवाज यायचा, मग खटाक्, मग थोडी शांतता, मग पुन्हा खट्. ती मधली शांतता म्हणजे करंगळी. मला नावानं हाक मारल्याचं एकदाही आठवत नाही. "काय वायरलेस, काय म्हंतंय पुणं?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता आत जायचे. पुण्याच्या म्हणण्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. तसा तो कुणाच्याच म्हणण्यावर नव्हता.

ते का, हे कळायला त्या रायफलीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या थ्री नॉट थ्री होत्या. त्यात प्रत्येक गोळीला हातानं दांडा मागेपुढे करावा लागतो. माणसानं भरली तरच ती भरते. मग हळूहळू सेल्फ लोडिंग आल्या. ही रायफल एक गोळी झाडली की रिकामं काडतूस स्वतःच बाहेर फेकते आणि खालच्या मॅगझिनमधली पुढची गोळी स्वतःच आत ओढून घेते. तुम्ही फक्त ट्रिगर दाबायचा. सगळे शिपाई खूश झाले. दादा तेवढे नाराज.

नव्या पोरांना ते ती शिकवायचे तेव्हा मॅगझिनला मॅगझिन म्हणायचे नाहीत, डबा म्हणायचे. "हे बघा. जुनी रायफल म्हंजी म्हातारा सासरा. घास भरवल्याबिगर खात नाय. ही आपल्या हातानं वाढून घेती. अन् लई हावरी. एक घास गिळला की दुसरा तोंडात घेऊनच बसती. आता तुमी डबा काढून घेतला. तोंडातला घास गेला का?"

"नाय."

"मंग तो काढायचा कसा? आधी डबा काढायचा. मंग तोंड उघडायचं. घास खाली पडंल. उलटं केलं, डबा तसाच ठिवून आधी तोंड उघडलं, तर एक घास पडतो अन् ही भवानी डब्यातला दुसरा उचलती. तुमी खाली पडलेला घास बघून म्हंता, झालं, रिकामी झाली! अन् तितंच मानूस मरतंय."

यावर पोरं हसायची. दादा हसू पूर्ण संपेपर्यंत थांबायचे, मग सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायचे. दुसऱ्यांदा कुणी हसत नसे.

डबा काढून, तोंड उघडून झाल्यावरही त्यांचं समाधान व्हायचं नाही. डाव्या हातानं खटका मागे ओढून धरायचा, आत डोळा घालून बघायचं आणि मग उजव्या हाताची करंगळी आत सारून चाचपायचं. नजर फसते, बोट फसत नाही, हा त्यांचा हिशेब. एकदा धरलेला खटका निसटला आणि नख गेलं. फटका बसला तेव्हा मी पलीकडेच होतो. दादा ओरडले नाहीत. दाराशी येऊन बोटाला रुमाल गुंडाळत म्हणाले, "खाली व्हती." त्यांच्या दृष्टीनं बातमी ती होती.

असा माणूस सोबत काम करायला सोपा असतो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या ठाण्यात एक आठवडा काढायला हवा होता. बारा-चौदा तासांचा बंदोबस्त करून आलेल्या, पाय सुजलेल्या शिपायाला दादा दारातच अडवायचे. "खाली हाय, दादा," तो म्हणायचा. "इचारलं का मी? इचारायचं नसतं, बघायचं असतं," असं म्हणून त्याला पुन्हा सगळं करून दाखवायला लावायचे. माणूस चिडून काही बोलला की दादा दोन दोन दिवस त्याच्याशी अबोला धरायचे. मागून शिपाई त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे, कारण जिथे तिथे बोट घालून बघतात. हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते लागलंही होतं.

घरीही तेच. शेतातल्या मोटरचं काही काम निघालं की फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचे. भावानं ओरडून सांगितलं, "काढलाय मी," तरी स्वतः जाऊन बघायचे. वहिनी, म्हणजे दादांची बायको, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "माझ्यावर इस्वास हाय त्यांचा, पन मी गॅस बंद केला यावर नाय." सांगताना त्या हसत होत्या, पण फार नाही.

एकदा त्यांनी तीन नव्या शिपायांना बेल्ह्याच्या बाजाराला नेलं. बैलबाजाराचा बंदोबस्त होता, मीही जीपमधून गेलो होतो. दादांनी पोरांना एका सौद्याशेजारी उभं केलं. विकणारा शपथा घेत होता, बैल चार दाती, तरणा आहे म्हणून. घेणारा म्हातारा व्यापारी मान डोलवत होता, हो हो म्हणत होता, विडी ओढत होता, आणि हो म्हणता म्हणता त्यानं बैलाचा ओठ वर करून अंगठा आत घातला. विकणाऱ्याला राग आला नाही. त्यालाही ते गैर वाटलं नाही.

"बघितलं का?" दादा म्हणाले. "हो म्हनायला काय जातंय? तोंडानं हो म्हना, पन बोट आत घाला."

"पण दादा, बैलानं चावलं तर?" एकानं विचारलं. तो बबन पोखरकर. हुशार, हजरजबाबी, दादांचा आवडता. दादा त्याच्यावर जितकं खेकसायचे तितकं दुसऱ्या कुणावर नाही, म्हणून म्हणतो आवडता. त्या वेळी मात्र दादांनी आपली बिननखाची करंगळी त्याच्या नाकासमोर धरली आणि सगळे हसत सुटले. दादासुद्धा.

हे खूळ आलं कुठून, याची मला फार उत्सुकता होती. कुणी म्हणे, ट्रेनिंगला असताना त्यांच्या शेजारचा मेला. कुणी म्हणे, यांच्याच हातून कधी काही झालं. एकदा धीर करून मी विचारलं. दादा म्हणाले, "बोट घालायला कारन लागतंय व्हय, वायरलेस?" पुढे जे घडलं त्यानंतर तर कुणालाच कारण शोधायची गरज राहिली नाही.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. खंडेनवमीला दुपारी हॉलमध्ये चटई, तिच्यावर लाल कापड अंथरायचं आणि सगळी हत्यारं पुसून ओळीनं मांडायची. एकदा मांडली की दसऱ्याच्या सकाळी पूजा होईपर्यंत हलवायची नाहीत, अशी आमच्याकडची चाल. रायफलींना झेंडूचे हार. समोर रांगोळी. रांगोळी काढायच्या त्या यमुनाबाई. ठाण्याची झाडलोट त्यांच्याकडे होती, पण वर्षातून त्या एका दिवशी फौजदारसुद्धा त्यांना, "यमुनाबाई, इथनं चालू का?" असं विचारून पाय टाकायचे.

आणि दसऱ्याला दादा नसायचे. त्या दिवशी ते नागपूरला, दीक्षाभूमीवर. निरगुडसरच्या वस्तीवरून जीप निघायची, ती नवमीला दुपारी ठाण्यासमोर थांबून दादांना घेऊन पुढे जायची. रजा आधीच मंजूर असायची. त्यामुळे दरवर्षी दादा नवमीला एक एक रायफल तपासून, तिच्यात करंगळी घालून, स्वतःच्या हातानं लाल कापडावर ठेवायचे आणि मग किल्ली देऊन निघायचे. पूजा त्यांची नव्हती, रायफली त्यांच्या होत्या. यात कधी कुणाला काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर कुणी बोललं नव्हतं.

त्या वर्षी बबन जवळच्या एका देवीच्या जत्रेच्या बंदोबस्ताला होता. परत यायला त्याला उशीर झाला. तो आला तेव्हा मांडणी झाली होती, हार घातले होते, फौजदार साहेब नवा शर्ट घालून उभे होते, यमुनाबाई रांगोळीत हळदीकुंकू भरत होत्या. बाहेर जीप हॉर्न देत होती. जीपमध्ये वहिनी, भाऊ, वस्तीवरची माणसं. दादा खांद्याला पिशवी लावून दारात. बबन घाईघाईनं आला, आपली रायफल ओळीत शेवटी ठेवली आणि कुणीतरी लगेच तिला हार घातला. मी माझ्या दारातून हे बघत होतो.

दादा म्हणाले, "बबन, खाली केली?"

पुढे कितीतरी वर्षं ते मला सांगायचे, "मी इचारलं, वायरलेस. जल्मात पैल्यांदा मी इचारलं."

"केली, दादा. गर्दी अंगावर आली तवा लोड केली व्हती. येताना खाली केली. ही बघा गोळी." बबननं हात पुढे केला. तळहातावर पितळी गोळी होती.

दादांचा चेहरा बदलला. "ही गोळी कवा पडली? डबा काढायच्या आधी का नंतर?"

बबन गोंधळला. "काढलं की दादा सगळं. डबा बी काढला, गोळी बी काढली."

"आधी काय काढलं?"

बबनला आठवेना. दादांनी पिशवी खाली ठेवली आणि कापडाकडे निघाले. ते गोळ्या मोजायलाही सांगत होते. तेवढ्यात साहेब बोलले. ओरडून नाही, अगदी सहज, माणूस दार लावून घे म्हणतो तसं. "रोकडे, राहू द्या आता. मांडणी झालीय. गोळ्या पूजेनंतर मोजू. आमच्या पूजेत तुम्ही हात घालू नका. तुम्ही जा तुमच्या नागपूरला."

यमुनाबाईंची चिमूट तशीच थांबली. साहेबांच्या मनात चाल मोडू नये एवढंच होतं की आणखी काही होतं, हे साहेबांनाच ठाऊक. मला विचाराल तर, 'आमच्या' आणि 'तुमच्या' हे शब्द काही चुकून तोंडातून येत नाहीत. दादा उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि करंगळी पुसली. तिला काही लागलेलं नव्हतं. मग पिशवी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. नारळ फुटला. साहेबांनी हळदीकुंकू वाहिलं, पेढे वाटले. मग ज्यानं त्यानं आपापली रायफल उचलून खोलीत ठेवायची होती. मी पेढा तोंडात टाकून सेटवर येऊन बसलो होतो. हार जाड सुती दोऱ्यात ओवलेला होता आणि कुणी हौशीनं तो ट्रिगरच्या कडीतून घेऊन गुंडाळला होता, छान दिसावं म्हणून. बबननं एका हातात रायफल धरली आणि दुसऱ्या हातानं हार ओढला. सेफ्टीचा खटका तेव्हा वर होता की खाली, हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

बंद हॉलमध्ये त्या रायफलीचा आवाज काय होतो ते मी सांगू शकत नाही. माझ्या खोलीतल्या फळ्या हलल्या. मी बाहेर आलो तेव्हा बबनच्या हातात रायफल तशीच होती, हार तुटून पाकळ्या पडल्या होत्या, आणि यमुनाबाई नारळाचं पाणी पुसायला बसल्या होत्या तिथेच एका कुशीवर पडल्या होत्या. डाव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदा झाला होता. रांगोळीवरून वाहत रक्त उंबऱ्यापर्यंत आलं. बबन एकच वाक्य बोलत होता, "खाली व्हती. खाली व्हती." पुण्याला कळवणं माझं काम होतं. मी सेटवर बसलो आणि मला माझा स्वतःचा कोड आठवेना.

यमुनाबाई वाचल्या. पाय पुण्याच्या हॉस्पिटलात कापावा लागला.

दादा नागपूरहून परतले ते घरी न जाता थेट त्या हॉस्पिटलात गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी यमुनाबाईंना नवमीचं सगळं सांगितलं. यमुनाबाईंनी ते ऐकलंही होतं, पाहिलंही होतं, पण पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, तुमी हात लावला असता तर?"

"तर तुमचा पाय असता."

"मंग लावायचा व्हता की वो."

बाई एवढंच बोलल्या, त्यात राग नव्हता. दादा मला म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." सांगताना ते रडत होते. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि चहा सांगितला.

चौकशी लागली. बाहेरून एक अधिकारी आले. हत्यारांचा ताबा दादांकडे, तेव्हा पहिला प्रश्न दादांना. चौकशीची खोली म्हणजे माझीच वायरलेसची खोली, कारण दार लागत होतं अशी तेवढीच. मी कोपऱ्यात सेट सांभाळत होतो.

"तुम्ही रायफल तपासली होती?"

"नाय साहेब. तपासायला गेलो तर फौजदार साहेबांनी 'आमच्या पूजेत हात घालू नका' म्हनून थांबवलं. अन् मी थांबलो. दोन्ही ल्ह्या."

अधिकारी म्हणाले, "तपासली नाही, एवढं पुरे आहे."

"पुरं नाय. दोन्ही ल्ह्या."

"हे बघा रोकडे, त्या वाक्याचा अर्थ लोक भलताच काढतील. तुम्हालाच त्रास होईल."

"अर्थ लोकांनी काढू द्या. वाक्य तर ल्ह्या."

अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहिलं नाही आणि दादांनी सही केली नाही. मला विचारलं तेव्हा मी साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यानंतर साहेब बदलून जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मलाही त्यांची काही ओढ नव्हती.

पण गंमत, गंमत कसली, त्रास असा की वस्तीवरच्या माणसांनाही दादांचं हे पटलं नाही. ते ठाण्यात आले, तावातावानं. "दादा, तुमचा काय दोष? तुमाला हात लावू दिला नाय, सरळ केस हाय. तेवढंच बोला. 'मी थांबलो' हे कशाला सांगत बसता? आपल्याच पायावर धोंडा." भावानंही हेच सांगितलं. दादा ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्यांनी आडवलं हे खरं हाय, अन् त्यापायी मी भांडीन. पन मी त्यो चेहरा बघितला व्हता बबनचा. मला कळलं व्हतं. कापडावर पाय देऊन ती उचलायची व्हती मी. फार फार तर काय, सस्पेंड केलं असतं. मला राग आला, अन् त्या रागात मी जीपमदी जाऊन बसलो. म्हनलं, मरा तुमच्या पूजेसकट. असं म्हनलं मी मनात. हे बी खरं हाय."

इतकी वर्षं झाली, दादांच्या जागी कुणीही तेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. पण दादा कुणीही नव्हते, हीच तर अडचण होती.

निकाल लागला तो सही नसलेल्या अर्ध्या जबाबावर. तपासणीत कसूर. बबन काही काळ निलंबित, साहेबांची बदली, आणि दादांचा हत्यारांचा ताबा कायमचा काढून घेतला. त्यांना समन्स वाटायला लावलं. सायकलवरून, नंतर लुनावरून, ते गावोगाव फिरायचे. फळ्यांच्या भिंतीपलीकडे आता दुसरा हवालदार होता. सकाळी खट् आवाज यायचा, खटाक् यायचा, पण मधली ती शांतता येत नव्हती. एकदा हे मी दादांना सांगितलं. "मला म्हाईत हाय," ते म्हणाले आणि समन्सची पिशवी घेऊन गेले.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. नवे फौजदार तरुण होते, जरा बिचकलेले. चटई अंथरली, लाल कापड आलं. यमुनाबाई जयपूर फूट लावून, काठी टेकत आल्या होत्या. कामावर ठेवलं होतं त्यांना. त्या हॉलच्या बाहेर पायरीवर बसल्या, रांगोळीचा डबा मांडीवर घेऊन.

"यमुनाबाई, चला," साहेब म्हणाले.

"रोकडेदादांनी समद्यांना हात लावल्याबिगर मी आत यायची नाय."

"अहो, तपासल्यात सगळ्या."

"आसंल. पन मी दादांचा हात बगनार."

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. कुणीतरी पुटपुटलं, पूजेचं आहे. साहेबांच्या लक्षात सगळं आलं असावं, कारण त्यांनी मलाच सांगितलं, रोकडे कुठे आहेत बघा. दादा जीपची वाट बघत रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे होते. मी निरोप सांगितला. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, पायरीजवळ चपला काढल्या, आणि आत गेले. डबा, खटका, डोळा, करंगळी. एक झाली की ती स्वतः उचलून कापडावर ठेवायचे आणि दुसरी घ्यायचे. सगळा हॉल उभा राहून बघत होता. बाहेर जीप हॉर्न देत होती आणि त्यांनी एकदाही दाराकडे पाहिलं नाही. शेवटची झाल्यावर ते यमुनाबाईंना म्हणाले, "या बाई." मग चपला घालून जीपमध्ये बसले.

निवृत्त होईपर्यंत दर खंडेनवमीला हेच झालं. लोक याला दादांचा मान म्हणायचे. मला तसं वाटत नाही. वर्षातला एक दिवस हात लावू द्यायचा आणि उरलेलं वर्ष समन्स वाटायला लावायचं, याला मान म्हणत असतील तर म्हणोत. दादांना मात्र त्या दिवशीही बरं वाटलेलं मी पाहिलं नाही. यमुनाबाईंची काठी फरशीवर वाजली की ते बोलता बोलता थांबायचे.

ते निवृत्त झाले, मग मी झालो. नंतर आमची भेट कमीच. पाच-सहा वर्षांमागे हिवाळ्यात ते गेल्याचं मला उशिरा कळलं. पण त्याच्या आदल्याच दसऱ्याच्या वेळी मी त्यांना पाहिलं होतं.

नवमीचा दिवस होता. नारायणगावच्या स्टँडवर मी एसटीत खिडकीपाशी बसलो होतो. बाहेर नेहमीसारखी झुंबड, प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपा, टोमॅटोचे क्रेट, हारवाले. समोर एक जीप नागपूरला निघालेली, टपावर सामान, पुढे निळा झेंडा. आणि तिच्यातून दादा खाली उतरत होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, अंगानं अर्धे झालेले. मी हाक मारली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते खांबाजवळ उभ्या असलेल्या एका शिपायाकडे चालले होते. बंदोबस्ताला आलेला कोवळा पोरगा, सेल्फ लोडिंग रायफल जमिनीवर उभी टेकवून, नळीच्या तोंडावर तळहात आणि तळहातावर हनुवटी ठेवून उभा होता. बोलणं माझ्या खिडकीपर्यंत येत होतं, पण मला तिथून सेफ्टीचा खटका दिसत नव्हता. दादांना दिसला असावा.

"बाळा, आधी हनवटी काढ तिथनं," दादा म्हणाले. "आन् सेफ्टी बघ."

पोरगा दचकला. "काय काम हाय?"

"खाली हाय का, बघून घे. तिकडं वाळूच्या ढिगाऱ्याकडं तोंड कर, डबा काढ—"

"खालीच हाय, बाबा. लांब व्हा. हात लावू नका."

दादा थांबले. जीपवाल्यानं हॉर्न दिला. जीपमागे दुसरी एक एसटी अडली होती, तिचा ड्रायव्हर शिव्या देत होता. जीपमधून वहिनी ओरडल्या, "अहो, चला की!" आणि जीप थोडी पुढे सरकली. दादांनी खिशातून रुमाल काढला. असाच रुमाल त्यांनी त्या नवमीला साहेबांसमोर काढला होता.

त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि रुमाल परत खिशात ठेवला.

"नाय लावत हात," ते म्हणाले. "तू लाव. मी हाय हितंच."

आमच्या कंडक्टरनं घंटी मारली. जीप निळ्या झेंड्यासकट फाटकातून बाहेर पडली. पुढे कुठे थांबली असेल तर असेल. त्या रायफलीत गोळी होती की नव्हती, मला माहीत नाही. दादांनाही माहीत नव्हतं. एसटी वळली तेव्हा पोरगा वैतागून इकडे तिकडे बघत होता, कुणी सोडवायला येतंय का म्हणून, आणि दादा त्याच्यासमोर करंगळी वर धरून उभे होते.